पाथरटोल्याचं कॅनडातलं लेकरू

मिसिसॉगा, कॅनडा
१२ जुलै १९९८

चि. दामिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि हाताचं चित्र संस्थेकडून मिळालं. हे तिसरं चित्र. म्हणजे हात वाढतोय, छान! मीही आता माझ्याबद्दल चार ओळी लिहाव्यात असं संस्थेनं कळवलंय. मी कुमुदिनी खांबेटे. मूळची पुण्याची, इथे येऊन तीस वर्षं झाली. संस्थेमार्फत लांबूनच एका मुलाच्या शिक्षणाचं पालकत्व घ्यायचं ठरवलं तेव्हा यादीत जगभरातली मुलं होती. चंद्रपूर जिल्हा दिसला आणि म्हटलं, चला, पत्र तरी मराठीत लिहिता येईल. इथे मराठीत बोलायला फक्त आमचे 'हे' उरलेत, आणि ते ऐकत नाहीत.

सोबत फोटो आहे. दर उन्हाळ्यात आम्ही तळ्याकाठी तंबू ठोकून आठवडाभर राहतो, चुलीवर रांधतो. मासा धरून उभे आहेत ते 'हे', म्हणजे वसंतराव. सात किलोचा होता! फोटो काढला आणि परत पाण्यात सोडून दिला. मागे माझी मुलगी शलाका. शेजारी तिचा मुलगा ईशान, तुझ्याच वयाचा, अकरा वर्षांचा; दोघं आमच्याजवळच राहतात. हल्ली जरा कमी बोलतो, कमी जेवतो. वयच तसं असतं.

अभ्यास कर. आजी-आजोबांना नमस्कार.

तुझी,
कुमुदआजी

---

मु. पाथरटोला, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर
२० ऑगस्ट १९९८

पालकआजीले दामिनी सुरेंद्र मारबतेचा नमस्कार.

तुमचा फोटो संस्थेच्या प्रफुलभाऊनं आनून देल्ला. आजानं पाह्यला आन चूप झाला. माहा आजा बाबुलाल चूप झाला म्हंजे काईतरी मोठी गोष्ट असते, नाईतं तो झोपीत बी बोलते.

आजा मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष आहे. त्यानं फोटो सोसायटीत नेला आन समद्याईले दाखवला. आता हे पत्र आजा सांगून राह्यला आन मी लिहून राह्यली.

आजा विचारते, तिकडला ठेकेदार कोन आहे?

आमचा तलाव आता सोसायटीचा आहे, पन पह्यले ठेकेदाराचा होता. जाळं आमी टाकाचं, पान्यात आमी उतराचं, मासोळी त्याची. एखादी बारकी लपवली तरी टोपल्यातून काढून घे. सात किलोची मासोळी हातात आली आन पान्यात परत टाका लागली, म्हंजे तलाव पराया आहे, हे आमा मासोळी धरनाऱ्या ढिवराच्या लेकराले बी समजते. आजा म्हणते, घाबरू नका. आमी बी अर्ज करू करूच सोडवला.

दुसरं, तंबूत काऊन राह्यता जी? घर पडलं का? आमच्या गावात घरकुल येते. तिकडे येत नसन तं ग्रामपंचायतीत फारम भरा.

तिसरं आजी विचारते. आजीचं नाव रंभा. ती म्हणते, पोराचा प्यांट दोन्ही गुडघ्यावर फाटला आहे, घरात दोन-दोन बाया असून दोरा नाई का? सुई पाकिटात चालत नाई असं प्रफुलभाऊ म्हणला, म्हून नुसता दोरा पाठवून राह्यली.

हे मी माह्या मनानं लिहून राह्यली: फोटोत एकटे तुमचे म्हातारे हासून राह्यले. तो पोरगा काऊन हासत नाई?

तुमची
दामिनी

---

मिसिसॉगा
२१ सप्टेंबर १९९८

चि. दामिनीस,
अनेक आशीर्वाद.

दोरा मिळाला. काळा आहे, मजबूत आहे, आभारी आहे. पण अगं बाई, केवढा हा गैरसमज!

ठेकेदार वगैरे कोणी नाही. 'हे' हौसेनं मासे पकडतात, पट्टीनं मोजतात आणि सोडून देतात. कशासाठी, ते मला विचारू नका. तेहतीस वर्षांच्या संसारात मला कळलेलं नाही. तंबूही हौसेचाच. आणि त्या पँटी दुकानातूनच फाटलेल्या मिळतात. न फाटलेल्यापेक्षा महाग! मीही डोकं आपटून घेतलं होतं.

आमचं घर चांगलं पाच खोल्यांचं आहे. लाकडी आहे, पण पक्कं. कामाला माणसं ठेवायची पद्धत इथे नाही, त्यामुळे थंडीत दारातला बर्फ फावड्यानं मीच उपसते. त्रेसष्ट वय आहे, पण जमतं. रविवारी आठवड्याचा स्वयंपाक एकदम करून गोठवून ठेवतो, म्हणजे बुधवारी रविवारची भाजी नुसती गरम केली की झालं. शेजारीसुद्धा चांगले आहेत. नाव माहीत नाही, पण बारा वर्षं हात हलवतात.

ईशान दुपारी शाळेतून येतो, स्वतः कुलूप उघडतो आणि टीव्ही लावून बसतो. कोणी घरी येईपर्यंत अगदी सुरक्षित असतो.

तेव्हा आजोबांना सांग, काळजीचं काही कारण नाही.

तुझी,
कुमुदआजी

---

पाथरटोला
८ नोव्हेंबर १९९८

पालकआजीले नमस्कार.

तुमचं पत्र सोसायटीच्या सभेत वाचलं. बुधवारी रविवारची भाजी आली तवा अंजनाबाई उठून बाहेर गेली, तिच्यानं ऐकवलं नाई. म्हातारीनं बर्फ उपसाचा हे आलं तवा दसरूभाऊनं बिडी इझवली. आन बारा वरसं शेजाऱ्याचं नाव माईत नाई, यावर आजी म्हणली, बाप्पा, हे तं वनवासातच आहेत.

आजा म्हणते, हे लोक मानी आहेत. मानी मानूस गरीबी सांगत नाई, हौस आहे म्हणून सांगते. ठेकेदाराच्या काळात आमी बी पाहुन्याईले सांगत होतो, आमाले मासोळी आवडतच नाई.

प्रफुलभाऊ लय समजावून राह्यला की कॅनडा श्रीमंत आहे. आजानं त्याले फोटो दाखवला आन म्हणला, डोळे आहेत ना तुले? मंग प्रफुलभाऊनं पेन काढला. ठराव त्यानंच चांगल्या भाषेत लिहून देल्ला:

"ठराव क्र. ७. मौजे कॅनडा येथील बालक ईशान यास सोसायटीने आपल्या पालकत्वाखाली घ्यावे. तलावात जाळे पडेल त्या प्रत्येक वेळी सभासदांप्रमाणे एक वाटा सदर बालकाच्या नावे काढावा. वाटा श्रीमती रंभाबाई यांनी सुकवून ठेवावा व मांजरीपासून राखावा. सूचक : बाबुलाल मारबते. अनुमोदक : दसरू नागपुरे. सर्वानुमते मंजूर."

आता तुमाले बी नियम लागू झाले. बालकानं सहा महिन्यातून एकदा हाताचं चित्र काढून पाठवावं लागते, नाईतं नाव कटते. मी तीनदा पाठवलं. आता त्याची पाळी.

तुमची
दामिनी

---

मिसिसॉगा
२० डिसेंबर १९९८

चि. दामिनीस,
अनेक आशीर्वाद.

ठराव वाचून 'हे' इतके हसले की चष्मा सूपच्या वाटीत पडला. मीही हसले. मग रागावले. आम्ही निराधार? चांगलं खरमरीत उत्तर लिहायला बसले होते. ठरावाचा कागद टेबलावर राहिला होता. ईशाननं तो उचलला. त्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, म्हणून मला खुणेनं विचारलं, हे काय? मी वाचून दाखवलं. माझं नाव आहे यात, असं तो म्हणाला. एवढंच म्हणाला, पण म्हणाला. मग पेन्सिल घेऊन बसला आणि कागदावर हात ठेवून स्वतः रेघ ओढली. सोबत जोडली आहे.

दामिनी, त्या दिवशी त्यानं माझ्याशी एक अख्खं वाक्य बोलून तीन आठवडे झाले होते.

वयबिय काही नाही गं. मी खोटं लिहिलं होतं. त्याचे बाबा फेब्रुवारीत घर सोडून गेले. शलाकाचं आणि त्यांचं पटेना. ऑटवा म्हणून गाव आहे, गाडीनं पाच तास, तिथे राहतात. सुरुवातीला दोन महिने आले भेटायला, मग येणं बंद. पोरगं तेव्हापासून मिटलंय. ताटातले दोन घास कसेबसे उष्टे करतं. डॉक्टर झाले, शाळेच्या बाई झाल्या. विचारलं तर मान हलवतो. ना हट्ट, ना आदळआपट, ना रडणं. एवढं शहाणं पोर बघवत नाही गं.

हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही लिहिलेलं नाही. आजोबांना वाचून दाखव. सोसायटीत नको.

तुझी,
कुमुदआजी

---

पाथरटोला
१७ जानेवारी १९९९

पालकआजीले नमस्कार.

तुमचं पत्र मी एकट्या आजाले वाचून दाखवलं. तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर नेऊन. तिथी अंजनाबाई भांडे घासून राह्यली होती, पन तिनं कोनालेच नाई सांगतलं, फक्त आजीले आन दसरूभाऊच्या बायकोले.

आजानं ईशानच्या हाताच्या चित्रावर आपला हात ठेवून पाह्यला. म्हणे, बोटं लांब आहेत, जाळं विनाले कामाचे आहेत, फुकट जाऊन राह्यले.

पालकाले लेकराची भेट घेता येते असं संस्थेच्या कागदावर लिहून आहे. म्हून आजा निघाला होता. धोतर धुतलं, आजीनं चिवडा केला. प्रफुलभाऊले विचारे, वरोऱ्याहून गाडी भेटन का? प्रफुलभाऊनं शाळेतला नकाशा आनून दाखवला. मंधात समुद्र आहे. आजा म्हणे, केवढा आहे? प्रफुलभाऊ म्हणे, लय मोठा. आजा म्हणे, डोंगा लागन? तवा आजी म्हणली, चूप बसा, तो चिवडा इकडे आना.

तं आता आजाचं असं म्हणनं आहे. पालकाच्यानं येनं होत नाई, म्हून बालकालेच पाठवा. मार्चात तलाव उतरते, मोठं जाळं पडते, तवा या. पाच वाटे सुकून आहेत त्याचे, सहावा मांजरीनं नेला. बोलत नाई तं नाई बोलू द्या. आमच्याकडे बोलनारे लय आहेत.

याच जी.

तुमची
दामिनी

---

मु. पाथरटोला
१८ मार्च १९९९

अहो,

पोचलो. नागपूरहून जीपनं आलो, हाडं जागेवर आहेत. हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा आम्ही घरी पोचलेलोही असू, पण आजचं आजच कोणाला तरी सांगितलं नाही तर मी फुटेन.

उतरल्या उतरल्या ईशानला सोसायटीत नेलं आणि मासोळीच्या वजनकाट्यावर बसवलं! मी ओरडणार तेवढ्यात दसरूभाऊंनी पुकारलं, "एकतीस किलो!" आणि सगळ्या गावानं हळहळून मान हलवली. बाबुलालभाऊ त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "मी तुहा पालक. काई लागलं तं सांगजो." ईशाननं मान हलवली. मग रंभाबाईंनी पेटी उघडली. चार महिन्यांची सुकट! मी शाकाहारी आहे हे सांगायची सोयच नव्हती. म्हणाले असते, बिचारीले सवयच नाई राह्यली. खाल्ली. पुण्याला कळवू नका.

दोन दिवस पोरगं दामिनीच्या मागेमागे मुकाट फिरलं. दामिनी म्हणजे काय सांगू, दीड फुटाची वेणी आणि अखंड तोंड. जेवणाचं मात्र तेच, दोन घास.

आज मोठं जाळं पडलं. अख्खं गाव कमरेइतक्या पाण्यात. कतला निघाला, नऊ किलोचा. बाबुलालभाऊंनी तो मोठ्या मानानं ईशानच्या हातात दिला. मी कॅमेरा रोखला, बटण दाबलं. आणि तुमच्या नातवानं, तुमच्या लाडक्या शिष्यानं, मासा पाण्यात सोडून दिला.

अख्खं गाव वाकून पाण्यात बघायला लागलं. नऊ किलो होतं हो ते.

मग बाबुलालभाऊ गरजले, "अबे पोट्ट्या! काऊन सोडली बे?"

ईशान लालभडक झाला. मला वाटलं, आता हे पोर कायमचं मिटलं. आणि तो ओरडला, "मोठा मासा सोडायचा असतो! आजोबा म्हणतात!"

"तुहा आजोबा येडा आहे!"

"माझे आजोबा येडे नाहीत!"

"नऊ किलो सोडते तो येडाच!"

"तुम्ही सगळे खाऊन टाकता, मग उद्या तळ्यात काय उरणार?"

"अबे, बिजाई टाकतो ना आमी दरसाल! तुहा आजा टाकते का बिजाई?"

"काय असतं ते?"

"तेच माईत नाई आन मले शिकवते!"

अहो, अर्धा तास! मराठीत, इंग्रजीत, बिजाई म्हणजे तळ्यात सोडायची माशांची पिल्लं हे हातवाऱ्यांनी दाखवून. पाण्यात भांडले, पाळीवर भांडले, घरापर्यंत भांडत गेले. रंभाबाईंनी दोघांपुढे ताटं ठेवली तरी चालूच. भांडता भांडता तुमचा नातू तीन वेळा भात घेऊन जेवला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

मी तिकडे चिखलात उभी राहून घळाघळा रडत होते. अंजनाबाईंना वाटलं, माशासाठी. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "नका रडू बाई. तलावातच आहे, कुठी जाते?"

तुम्हाला गावात येडा म्हणतात. पण तुमची बाजू घेऊन कोणी भांडलं, म्हणून कळवलं.

कुमुद

---

पाथरटोला
११ एप्रिल १९९९

पालकआजीले नमस्कार.

तुमी गेल्यावर गाव सुनं झालं. आजा रोज डोंगा घेऊन जाते आन ती कतला शोधते. दसरूभाऊ म्हणे, वळखशीन कशी? आजा म्हणे, माह्या पोट्ट्याचा हात लागला आहे तिले.

तुमाले एक गोष्ट सांगाची राह्यली. ईशाननं शपथ घातली होती, पन मी सांगूनच देतो म्हणली. भांडन झालं त्या दिवशी सांजीले तो पाळीवर एकटा बसला होता. मले म्हणे, तुझे आजोबा रागावले, आता ते माझं नाव कापतील का? मी म्हणलं, येडा आहेस का? पाहुन्यावर कोन रागावते? तुह्यावर रागावले म्हंजे तू घरचा झाला.

मंग म्हणे, मी बाबांवर कधीच रागावलो नाही. ते गेले तेव्हा पण नाही. मला वाटलं, मी शहाण्यासारखा राहिलो तर येतील. तरी नाही येत.

आजी, मले लय राग आला. मी म्हणलं, तुमच्या कॅनडात असंच शिकवते का? माहा बाप गडचांदूरले सिमेंटच्या कारखान्यात ठेक्यावर आहे. महिन्यातून एकदा येते. दिवाळीनंतर दोन महिने आलाच नाई. तवा मी असं पत्र टाकलं, असं पत्र टाकलं, की त्याच्या संगच्या मजुरायनं बी वाचलं. दुसऱ्या दिवशी एसटीनं हजर! आला तवा बी मी सोडलं नाई, अजून एक घंटा भांडली. ज्याच्याशी भांडन नाई, तो आपला कसा? म्हणलं, फोन आहे ना तुह्या घरी? मंग भांड!

हे सांगून राह्यली कारन आता तुमाले फोनचं बिल येईन. त्याले मारू नका.

तुमची
दामिनी

---

मिसिसॉगा
२३ मे १९९९

चि. दामिनीस,
अनेक आशीर्वाद.

बिल आलं. मारलं नाही.

झालं ते सांगते. दोन मेचा रविवार. मी स्वयंपाकघरात होते. ईशान फोनपाशी आला, नंबर फिरवला आणि नुसता उभा राहिला. तिकडून 'हॅलो, हॅलो' ऐकू येतंय आणि हा गप्प. मी ऐकत नाही असं वाटावं म्हणून नळ सोडला. मग मलाच काही ऐकू येईना, म्हणून बंद केला. आणि पोरगं एकदम ओरडलं, "काऊन येऊन नाई राह्यले तुमी?"

तिकडे जावयांना कळेना, कोण बोलतंय. मुलाचा आवाजच ऐकला नव्हता त्यांनी वर्षभर. "कोण? कोण बोलतंय?" हा म्हणाला, "ईशान बोलून राह्यलो!" आणि जो सुटला तो चाळीस मिनिटं. वाढदिवसाला आला नाहीत, बर्फात वाट बघितली, खिडकीत बसून राहिलो, गाडीचा आवाज झाला की धावत गेलो. सगळं, तारीखवार. आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं गं हे. शलाका जिन्यात बसून ऐकत होती. 'हे' माझा हात धरून उभे होते.

शेवटी त्यानं फोन ठेवला आणि बघितलं तर आम्ही तिघं रडतोय. म्हणाला, "तुम्ही काऊन रडून राह्यले? भांडून मी राह्यलो." आणि वर जाऊन दार आपटलं. सव्वा वर्षात पहिल्यांदा आमच्या घरात दार आपटलं. 'हे' म्हणाले, बिजागरी गेली असेल. म्हटलं, जाऊ दे.

पुढच्या शनिवारी दुपारी गाडी येऊन उभी राहिली. जावई उतरले. दाढी वाढलेली, हातात काही नाही. ईशाननं दार उघडलं. गळ्यात वगैरे पडला नाही. दारातच वाट अडवून उभा राहिला आणि पुन्हा पहिल्यापासून भांडला. जावई पायरीवर बसले आणि खाली मान घालून ऐकत राहिले. मध्ये एकदा "मला वाटलं, तुला मी नकोय," असं काहीसं म्हणाले. त्यावरही बोलणी खाल्ली.

मग पोराला दम लागला, थांबला. मी दाराआड उभी. म्हटलं, आता परत मिटतोय की काय.

त्यानं नाक पुसलं आणि विचारलं, "बाबा, जेवलात का?"

नव्हते जेवले. मी दोघांची पानं वाढली.

तुझी,
कुमुदआजी